तीन वर्षांत १८ होम रन

बेसबॉलचा ड्राफ्ट, म्हणजे व्यावसायिक संघांनी क्रमाने नवे खेळाडू निवडण्याचा दिवस, जवळ आला की कॉलेजच्या आउटफिल्डरबद्दल (मैदानाच्या दूरच्या भागात चेंडू अडवणाऱ्या खेळाडूबद्दल) पहिला प्रश्न ठरलेला: यंदा होम रन, म्हणजे सीमेपार जाणारे फटके, किती मारले? मी फ्रेस्नोत राहतो, आणि इथल्या माणसाला एवढ्यावर समाधान मानता येत नाही. आमच्या फ्रेस्नो स्टेट विद्यापीठाकडून २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं ॲरन जज खेळला, पुढे न्यूयॉर्क यांकीजचा मोठा फटकेबाज झालेला. त्याचे होम रन होते २, ४ आणि १२. सहा फूट सात इंच उंचीचा गडी, आणि सगळे मिळून १८!

२०१३ च्या ड्राफ्टमध्ये यांकीजनी त्याला ३२ व्या क्रमांकावर घेतलं. त्याच फेरीत त्याच्याआधी २६ व्या क्रमांकावर त्यांनी एरिक जॅगिएलोला निवडलं होतं. मिसिसिपी स्टेट विद्यापीठाचा आउटफिल्डर हंटर रेन्फ्रो तर १३ वाच गेला.

आकडा एवढा लहान का, याचं एक उत्तर बॅटमध्ये आहे. कॉलेजात धातूची बॅट चालते. जुन्या बॅटचा पातळ पत्रा चेंडू लागला की किंचित दबायचा आणि उसळून चेंडूला जादा वेग द्यायचा. २०११ च्या हंगामापासून नियम कडक झाले आणि ही उसळी लाकडी बॅटच्या जवळ आणली गेली. एका वर्षात कॉलेजातले होम रन जवळजवळ निम्म्यावर आले. पुढे २०१५ मध्ये चेंडूची शिवण कमी उंचीची केली, तेव्हा कुठे चेंडू पुन्हा लांब जाऊ लागला. जजची तिन्ही वर्षं नेमकी या दुष्काळातली.

पण सगळं खापर बॅटवर फोडणं मला पटत नाही. त्याच २०१३ मध्ये, तसल्याच बॅटने, सॅन डिएगो विद्यापीठाच्या क्रिस ब्रायंटने ३१ होम रन मारले होते. फरक स्विंगमध्ये, म्हणजे बॅट फिरवण्याच्या पद्धतीत होता. जजची सरासरी (दर ॲट-बॅटमागे, म्हणजे फलंदाजीच्या मोजल्या जाणाऱ्या पाळीमागे, यशस्वी फटके) त्या वर्षी .३६९ होती, चेंडू बॅटवर नीट येत होता, पण हवेत पुरेसा उचलला जात नव्हता. ताकद अंगात असणं आणि ती सामन्यात दिसणं, या दोन गोष्टींना स्काउट (खेळाडू हेरणारे) २० ते ८० च्या मोजपट्टीवर वेगवेगळे गुण देतात. अंगातली ताकद सगळ्यांना दिसतच होती: २०१२ मध्ये ओमाहातली कॉलेजची होम रन डर्बी, म्हणजे फक्त होम रन मारण्याची स्पर्धा, त्यानेच जिंकली होती. शिवाय एवढ्या उंचीचा मुलगा सेंटर फिल्ड, म्हणजे आउटफिल्डमधली सगळ्यांत जास्त धावावं लागणारी मधली जागा, सांभाळत होता, म्हणजे पाय आणि हातही चांगले होते.

भीती होती ती लांब हातांची आणि मोठ्या स्ट्राइक झोनची: चेंडू ज्या चौकटीतून गेला तर बॅटरविरुद्ध मोजला जातो, ती चौकट उंच बॅटरसाठी मोठी असते. ती खरी ठरली, हे यांकीजच्या चाहत्यांनीही मान्य करावं. २०१६ मध्ये तो यांकीजकडून २७ सामने खेळला, सरासरी .१७९, आणि ८४ ॲट-बॅटमध्ये ४२ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद). त्या हिवाळ्यात त्याने स्विंगवर कसून काम केलं. २०१७ मध्ये ५२ होम रन आले. स्ट्राइकआउट तरीही २०८, पण सोबत १२७ वॉक (झोनबाहेरचे चार चेंडू सोडून मिळालेला पहिला बेस). मला हा शेवटचा आकडा सगळ्यांत मोलाचा वाटतो. वाईट चेंडू सोडून देता येणाऱ्या ताकदवान बॅटरला पिचर कधीतरी झोनमध्ये चेंडू द्यावाच लागतो.

म्हणून मी सामना पाहायला शुक्रवारी जातो. कॉलेज संघ आपला सगळ्यांत चांगला पिचर सहसा शुक्रवारी उतरवतात; मंगळवारच्या सामन्यातली फटकेबाजी मी फारशी धरत नाही. बसायचं पहिल्या बेसच्या बाजूला, तिथून उजव्या हाताच्या बॅटरची छाती आणि हात समोर दिसतात. दोन स्ट्राइक झाल्यावर बाहेर, खाली घसरणाऱ्या स्लायडरकडे (ऐनवेळी वळणाऱ्या चेंडूकडे) हात धावतात का, की खांदा जागेवर राहतो? अर्ध्या तासाच्या बॅटिंग प्रॅक्टिसपेक्षा असले दोन-तीन चेंडू जास्त सांगून जातात.

आणि सेंटर फिल्ड खेळता येतं का, हेही बघायलाच हवं. साउथ कॅरोलायना विद्यापीठाच्या जॅकी ब्रॅडली ज्युनियरची बॅट व्यावसायिक खेळात कधी फार काळ चालली नाही, पण सेंटरमधल्या ग्लोव्हवर त्याने वर्षानुवर्षं जागा राखली आणि २०१८ मध्ये गोल्ड ग्लोव्ह, हा उत्तम क्षेत्ररक्षणाचा पुरस्कार, मिळवला. आउटफिल्डच्या डाव्या कोपऱ्यातल्या खेळाडूला ही मुभा नसते. त्याला मारावंच लागतं.

जॉर्जिया विद्यापीठाच्या चार्ली कॉन्डनने २०२४ मध्ये ३७ होम रन मारले आणि कोलोरॅडो रॉकीज संघाने त्याला तिसऱ्या क्रमांकावर घेतलं. त्याच उन्हाळ्यात रॉकीजच्या खालच्या श्रेणीतल्या स्पोकेन संघात लाकडी बॅट हातात आली आणि सरासरी .२०० च्याही खाली गेली. तेवढ्यावरून मी त्याला मोडीत काढणार नाही, जसं ३७ वरून डोक्यावरही घेतलं नव्हतं. त्याचा स्कोअरकार्ड उघडला की मी आधी वॉकचा रकाना बघतो, आणि मग त्या दिवशी तो आउटफिल्डमध्ये उभा होता की पहिल्या बेसवर, ते.