जोडीचा बैल

दुपारचे अडीच. ताकाचा तांब्या रिकामा झालेला, गल्लीतून कुल्फीवाल्याची घंटा वाजत गेलेली, आणि रेंडर, म्हणजे आराखड्यावरून घराचं खरंखुरं वाटणारं चित्र काढायचं काम, एक्केचाळीस टक्क्यांवर. पाऊण तासापूर्वीही तो एक्केचाळीसवरच होता. कॉम्प्युटरचा पंखा असा घरघरत होता की खालच्या किराणावाल्याने जिन्यातून हाक मारून विचारलं, "ताई, गिरणी टाकली का काय?"

अशा वेळी माणूस एकतर डुलकी काढतो, नाहीतर न परवडणाऱ्या वस्तूंची माहिती वाचत बसतो. डुलकी येईना, म्हणून मी दोन टॅब उघडले. एकात आरटीएक्स ए२०००, दुसऱ्यात आरटीएक्स ए४०००. दोन्ही ग्राफिक्स कार्डं, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये चित्रांचं ओझं ओढणारी, आमच्यासारख्या घरांची चित्रं काढून पोट भरणाऱ्यांसाठी बनवलेली. दिसायला काळी, गंभीर. रंगीबेरंगी दिवे नाहीत, काही नाही.

कार्डाचा विषय मुळात निघाला तो द्राक्षांमुळे. तासगावकडचे एक बागायतदार बंगला बांधतायत, आणि वरच्या गॅलरीत उभं राहिल्यावर स्वतःची बाग कशी दिसेल, ते त्यांना आधी चित्रात बघायचंय. मागणी रास्त. पण द्राक्षाच्या एका वेलाला किती पानं असतात याचा मी कधी विचारच केला नव्हता. भिंती, खिडक्या, कौलं यांचं कार्डाला काही वाटत नाही. पानं आणि गवत मात्र मेमरी फस्त करतात. माझ्याकडचं कार्ड, क्वाड्रो के६२०, हे २०१४ सालचं, ३८४ कोरांचं (कोर म्हणजे आकडेमोड करणारे हात), २ जीबी मेमरीचं. वेलांच्या चौथ्या ओळीला त्याने हात टेकले. मी पानं कमी केली, मग आणखी कमी केली, शेवटी मांडवावर नुसत्या काड्या उरल्या. चित्र बघून ते दादा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मॅडम, आमची खरड छाटणी एप्रिलात असते. तुम्ही आत्ताच उरकली होय?"

तर ही दोन कार्डं. दोन्ही २०२१ची, दोन्ही एनव्हिडिया कंपनीच्या अँपिअर या चिपांच्या घराण्यातली. ए४००० ला ६१४४ कोर, ए२००० ला ३३२८. ए४००० ची मेमरी १६ जीबी. ए२००० आधी ६ जीबीचं आलं आणि त्याच वर्षाच्या शेवटी १२ जीबीचं. मेमरीतून माल उचलायचा वेग सेकंदाला ४४८ जीबी आणि २८८ जीबी. कागदावरची ताकद १९.२ टेराफ्लॉप्स आणि ८ टेराफ्लॉप्स (एक टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी आकडेमोडी), म्हणजे जवळजवळ अडीच पट. आता किंमत बघा. बाजारात उतरली तेव्हा ए४००० होतं हजार डॉलरचं आणि ६ जीबीचं ए२००० साडेचारशेचं. सव्वादोन पट. भागाकार केला तर डॉलरमागे काम दोघांचं जवळपास सारखंच भरतं. मी दोनदा करून पाहिला. गिऱ्हाइकाला सहजासहजी ठरवता येऊ नये, असंच कुणीतरी बसून जमवलं असावं अशी मला दाट शंका आहे.

दुकानातल्या पोराचं मत वेगळंच. "ताई, हे कशाला? ३०७० घ्या की. ए४००० मधली आणि त्यातली चिप एकच हाय." चिप एकच आहे, हे खरं. पण ३०७० या गेमच्या कार्डात तिचे ५८८८ कोर चालू, मेमरी निम्मी म्हणजे ८ जीबी, आणि वीज २२० वॅट. ए४००० पूर्ण चिप वापरून १४० वॅटमध्ये भागवतं. ३०७० पळतं जोरात, नाही असं नाही. पण शर्यतीचा बैल कुणी नांगराला जुंपत नाही. नांगराच्या कार्डांना चुकलेला बिट, म्हणजे माहितीचा कण, सुधारणारी मेमरी असते, आणि त्यांचे ड्रायव्हर, म्हणजे कार्ड हाकणारे प्रोग्रॅम, आमच्या कामाच्या सॉफ्टवेअरवर तपासून दिलेले असतात. हे सगळं मी त्या पोराला सांगितलं. तो म्हणाला, "पण ह्याच्यावर गेम पण चालतील." माझं वय बावन्न.

वॅटचा आकडा मी सगळ्यात आधी बघते, ही माझी खोडच आहे. ए४००० १४०, ए२००० ७०. फ्रिज घेताना, मिक्सर घेताना, इतकंच काय, भाचीला स्थळ बघायला गेलो होतो तेव्हाही पोह्यांच्या बशीकडे बघत माझ्या मनात तोच प्रश्न आला होता: खातो किती?

हा प्रश्न माझा नाही. आबांचा, माझ्या आजोबांचा.

आबांचं गाव आटपाडीकडचं. पाऊस कमी, ज्वारी बेताची, जनावरं मात्र देखणी. मी चौथीत असताना आमच्या हरण्याचा जोडीदार गेला. पौषात खरसुंडीला सिद्धनाथाच्या जत्रेत जनावरांचा बाजार भरतो, तिथून दुसरा बैल आणायचा ठरलं. पोरींनी बाजाराला जायची पद्धत नव्हती. मी इतकी रडले, की आजीच म्हणाली, न्या एकदाची.

थंडी अशी, की बैलांच्या नाकातून वाफा निघत होत्या. जिकडे बघावं तिकडे पांढरी खिल्लारं आणि मागे वळलेली शिंगं. मला वाटलं होतं, तासाभरात बैल घेऊन आम्ही भजी खायला मोकळे. आबा दुपारपर्यंत नुसते फिरत होते. शेवटी दोन बैलांवर येऊन थांबले. एक उंच, वशिंड असं की मूठ मावणार नाही, कातडी चमकणारी, आणि उभा राहायचा तोही फोटोला उभं राहिल्यासारखा. दुसरा बुटका, मानेत जाड, डोळा जरा झोपाळू. दोघंही चार दाती; आबांनी स्वतः ओठ वर करून दोघांचे दात बघितले, आणि ते ओले हात माझ्याच स्वेटरला पुसले. दोघांच्या किमतीत बाराशेचा फरक.

दलालाने खांद्यावरचा टॉवेल काढून आबांच्या हातावर टाकला आणि टॉवेलाखाली दोघांचा बोटांनी भाव चालू झाला. वरून काहीच दिसत नव्हतं. कापड नुसतं हलत होतं, आत उंदीर सोडल्यासारखं. तोंडाने दोघं पावसाविषयी बोलत होते. मी आबांच्या कोपराखालून हात आत घातला. दलालाच्या दोन बोटांवर माझी बोटं पडली आणि तो दचकून म्हणाला, "आरं, ह्यो तिसरा कोण गिऱ्हाईक?"

उंच बैलाचा मालक सांगत होता: एका दमात इतकं रान नांगरतो, गाडीला असा, चढाला तसा. आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "खातो किती?" आणि खिशातून एक सुतळी काढली. तिला एका जागी गाठ होती. घरून निघताना त्यांनी हरण्याची खांद्यापर्यंतची उंची सुतळीवर घेतली होती. ती त्यांनी उंच बैलाला लावली. गाठ चार बोटं खाली राहिली. बुटक्याला लावली, तर बरोबर.

परतीच्या वाटेवर मी रुसून बसले होते. मला उंच हवा होता. आबा म्हणाले, "पोरी, जू कलतं बघ. मोठ्याला काय हुतंय? खांदा सुजतो आपल्या हरण्याचा." बुटक्याचं नाव सर्ज्या ठेवलं. एवढ्या झोपाळू बैलाला ते नाव का दिलं, कुणास ठाऊक.

माझ्याकडचा हरण्या म्हणजे हा टेबलाखालचा डबा. आमची जागा सांगलीच्या गावभागात. सांगलीकराला आकडा म्हणजे आयर्विन पुलाखालच्या कृष्णेच्या पाण्याचा. ४० फूट इशारा, ४५ धोका. पावसाळ्यात 'जेवलास का' याच्या आधी 'आयर्विनला किती' हे विचारतात. ऑगस्ट २०१९ मध्ये तो आकडा ५७ च्या वर गेला, आणि माझा आधीचा कॉम्प्युटर, उभा, मोठा, काचेच्या दाराचा, नऊ दिवस पाण्यात राहिला. दार उघडलं तेव्हा आत बोटभर गाळ होता आणि मदरबोर्डवर गोगलगाय. त्यानंतर मी एकच अट घातली: कॉम्प्युटर एका हाताने उचलून वरच्या मजल्यावर नेता आला पाहिजे, दुसऱ्या हाताने कठडा धरून. म्हणून कुठल्याशा ऑफिसातून निघालेला हा जुना, सडपातळ डबा घेतला. जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा आलं, आणि त्या रात्री मी त्याला खरोखर एका हाताने वर नेला. तेव्हापासून त्याच्याविषयी वाईट बोलवत नाही.

पण या डब्यात पूर्ण उंचीचं कार्ड बसत नाही. ए४००० जाडीला एकाच खाचेचं, पण लांबी साडेनऊ इंच, उंची पूर्ण, आणि वर सहा पिनांची वेगळी वायर हवी. माझा एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा खोका, २४० वॅटचा. त्यात ती वायरच नाही. ए२००० दोन खाचा अडवतं, पण उंचीला निम्मं आणि लांबीला साडेसहा इंचांच्या आसपास, म्हणजे आमच्या घरच्या भाकरीहून लहान. वेगळी वायर लागत नाही, मदरबोर्डवरच्या स्लॉटमधून मिळेल तेवढ्या विजेवर चालतं. शिवाय आतला प्रोसेसर वयस्कर. आराखडा काढायचं काम बहुतेक त्याच्याच एका कोरावर चालतं. तेव्हा कार्ड कितीही तालेवार असो, शेजारी बसून रवंथ करतं. मोठं कार्ड सुखात राहिलं असतं. खांदा सुजला असता तो डब्याचा.

तरी मी पट्टी घेऊन टेबलाखाली शिरलेच. मनाची समजूत असते. डब्याचं झाकण काढलं, धूळ फुंकली, शिंकले, मोजलं. गाठ चार बोटं खाली.

पंधरा दिवसांनी १२ जीबीचं ए२००० आलं. दुकानातल्या पोराने कार्ड डब्याला अडकवायची, खोक्यातली आखूड पट्टी लावून ते बसवलं, आणि काहीही न बोलता जुनं के६२० रुमालात गुंडाळून माझ्या हातात दिलं. बागायतदारांच्या बागेत आता पानंच पानं आहेत. ते म्हणाले, इतकी दाट बाग बरी नव्हं, भुरी येईल. मी विरळणी केली.

काम उत्तम चाललंय. तक्रार नाही. फक्त कधीतरी दुपारी ए४००० चं पान उघडलं जातं. ६१४४ कोर, १६ जीबी. बघते आणि बंद करते. आबांचंही तसंच होतं. सर्ज्याने आमच्याकडे अकरा वर्षं काढली, एक दिवस कुचराई केली नाही. तरी संध्याकाळी गोठ्यात तंबाखू मळत बसले की आबांना खरसुंडीचा तो उंच बैल आठवायचा. काय त्याचं वशिंड, काय ती चाल. मग आतून आजीचा आवाज यायचा, "हळू बोला की जरा. त्येला ऐकू जातंय."

रेंडर चालू असताना मी ते पान उघडत नाही.