श्रावणातलं तोरणमाळ

शहाद्याहून सकाळच्या एसटीत बसलो. कुठे निघालो ते कळल्यावर कंडक्टर हसून म्हणाला, "फुलं देखाले इतला लांब, भाऊ?" पपईच्या बागा, कापूस मागे पडला आणि सातपायरी घाटात धुक्याने खिडकीच झाकून टाकली.

सातपुड्यातलं, सुमारे ११५० मीटर उंचीवरचं हे तोरणमाळचं पठार मी मे महिन्यातही पाहिलं होतं. तेव्हा नुसता काळा कातळ आणि करपलेल्या गवताची खुंटं. आता यशवंत तलावाच्या पलीकडे उतारभर गुलाबी तेरडा. गढवालातल्या बुग्यालांत, म्हणजे हिमालयातल्या उंचावरच्या कुरणांत, बर्फ वितळल्यावर जे होतं, तेच इथे पहिल्या पावसानंतर होतं. तिथे झाडं थंडीला चुकवून जमिनीत दडतात, इथे उन्हाळ्याला. फुलायला, बी धरायला दोन्हीकडे दिवस थोडेच.

कळलावीपाशी मी बराच वेळ उकिडवा बसलो. तिच्या पानाचं टोक पुढे तंतूसारखं बारीक होतं आणि शेजारच्या गवताच्या काडीला दीड वेढा घालून बसतं. तिच्या आधारावर वर ते लाल-पिवळ्या पाकळ्या मागे वळवलेलं फूल. दिसायला इतकी देखणी, पण कंद जहाल विषारी.

तिथून थोडं पुढे एक पावरा आदिवासी आजी औषधी पांढरी मुसळी खणत होत्या. बोटांएवढ्या मुळांचा झुबका वर आला. त्यातली जाडजूड चार त्यांनी मोडून घेतली. कोंबाचा गड्डा, उरलेल्या मुळांसकट, परत खड्ड्यात ठेवला.

"आजी, सगळी का नाही घेतली?"

"मग पुढच्या साली काय खणू?" माती तळहाताने दाबत त्या म्हणाल्या.

मुसळीला भाव चांगला मिळतो, म्हणून तिचा गड्डासुद्धा न ठेवणारे पुष्कळ आहेत. त्याहून मला जास्त लागलं ते पठाराच्या कडेला दिसलेलं. फोटोसाठी कुणीतरी गाडी थेट फुलांत घातली होती. कातळावर माती जेमतेम चार बोटं. चाकांखाली ती घट्ट दबली होती, चाकोरीत पाणी साचलं होतं आणि त्या दोन पट्ट्यांत तेरड्याचं एक रोप नव्हतं. चाकोरी जुनी असावी; दोन्ही बाजूंना तेरडा मात्र कमरेएवढा होता.

आजी टोपली डोक्यावर घेऊन निघाल्या. उघड्या कातळावरून, एका दगडावरून दुसऱ्यावर. मी त्यांच्या मागोमाग, त्यांचीच पावलं बघत तलावापर्यंत आलो.