शिरोळ तालुका, ऑगस्ट २०१९: हायवेवर मदतीचा पूर आणि आत काहीच नाही

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीला महापूर आला तेव्हा पुणे-बेंगळुरू हायवे शिरोलीजवळ जवळपास आठवडाभर बंद होता. कोल्हापुरात पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, पाणी गेलं ५५ च्या वर, सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर. ब्रह्मनाळला बोट उलटून डझनाहून जास्त माणसं गेली ती बातमी तर सगळ्यांनीच वाचली असेल. हायवे सुरू झाल्यावर ऑफिसमधले आम्ही काही जण टेम्पो भरून निघालो, कारण कोल्हापूर जिल्ह्यात जयसिंगपूरला माझी मावशी राहते आणि ती फोनवर एकच सांगत होती, अगं शहरात सगळे येतायत, शिरोळ तालुक्यात आतल्या गावांकडं कोण फिरकत नाही.

साताऱ्यापासून पुढे टेम्पोच टेम्पो, प्रत्येकावर 'पूरग्रस्तांसाठी मदत' असा बॅनर. खरं सांगते, बघून ऊर भरून आला. किणी टोलनाक्याच्या पुढे चहाला थांबलो तिथे तमिळनाडूचा एक ट्रक ड्रायव्हर भेटला, हायवे बंद होता तेवढे सगळे दिवस तो तिथेच अडकलेला. म्हणाला, एक दिवसही उपाशी झोपलो नाही, आजूबाजूच्या गावातली माणसं रोज दोन वेळा भाकरी-पिठलं आणून द्यायची, भाषा एकमेकांची कळत नव्हती तरी. त्यातल्या कितीतरी जणांची शेतं तेव्हा पाण्यात होती हे लक्षात घ्या.

आणि तिथून तासाभराच्या अंतरावर पंधरा-वीस पोरांनी आमचा टेम्पो अडवला. गावात पाण्याचा थेंब शिरला नव्हता, घरं कोरडी, अंगणं कोरडी. "आधी आमच्या गावाला द्या, मग फुडं जावा," म्हणत मागचं फाळकं उघडलं आणि बिस्किटांचे, पाण्याच्या बाटल्यांचे बॉक्स उतरवून घेतले, आमचे ड्रायव्हरकाका हात जोडत होते तरी. मावशीला सांगितलं तर ती म्हणाली अगं पावसानं त्यांचीपण मजुरी बुडालीय. असेल, मान्य, पण माझा राग अजून गेलेला नाही, कारण ते बॉक्स घेणाऱ्यांत मजूर दिसत नव्हते, बुलेटवर आलेली पोरं होती.

नृसिंहवाडी ओलांडून कुरुंदवाडकडे निघालो तसा वास सुरू झाला. कुजलेला ऊस, गाळ, मेलेली जनावरं, त्यात ब्लीचिंग पावडर. उसाच्या पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या पानांच्या गाभ्यात, गाळ जाऊन बसला की तो ऊस गेलाच, हिरवा दिसतो पण आतून सडतो. रस्त्याच्या कडेला जुन्या कपड्यांचा ढीग भिजत पडलेला, फाटक्या साड्या, चेन तुटलेल्या पॅंटी, एकेक बूट, कुणाच्यातरी लग्नातली शेरवानीसुद्धा. एक बाई त्यातून उसवलेला ब्लाउज वर धरून विचारत होत्या, "ह्ये कुणी घालायचं ओ?" ग्रामपंचायतीची माणसं आधीच घराघरातला गाळ काढून दमलेली, त्यांना आता हेही उचलायचं होतं. कपाट रिकामं करायला पूर ही संधी नाही हो. मदतीच्या किटवर नेत्यांचे फोटो असलेले स्टिकर, एकाच बाईला तीन-तीनदा पिशवी हातात देऊन फोटो काढणं, हे सगळं पाहिलं, त्यावर जास्त लिहावंसंही वाटत नाही.

लिहायचंय ते एका आज्जींबद्दल. खिद्रापूरच्या वाटेवरचं गाव, डांबरी रस्ता सोडून चिखलातून आत चालत गेलो. घराच्या भिंतीवर देवांच्या फोटोंच्याही वर पाण्याची रेघ. दारात पोती उलटी करून ठेवलेली, आतल्या जोंधळ्याला बोटभर मोड आलेले, वर्षाचं धान्य आणि हात लावला तर गरम लागत होतं. पाणी चढलं त्या रात्री मुलांनी दावी कापून जनावरं सोडून दिली, त्यातली एक म्हैस परत आली नाही. थोरला मुलगा चोऱ्या होतील म्हणून घर सोडायला तयार नव्हता, माळ्यावर बसून राहिला आणि शेवटी बोटवाल्यांनी दमदाटी करून काढला. त्याची भीती खोटी नव्हती, गल्लीतल्या एका बंद घराचं कुलूप तोडलेलं आम्हीच पाहिलं.

घरात माणसं जास्त म्हणून आम्ही आज्जींना दोन किट दिले. त्यांनी एक परत माझ्या हातात ठेवला. "पोरी, माझं रेशनकार्ड हाय, मला सरकारचं कायतरी मिळंल. मागल्या बाजूला खोपटात मजुरीची माणसं हायत, त्यांचं नाव कुटल्याच यादीत न्हाई." मग स्वतः काठी टेकत चिखलातून आम्हाला तिकडे घेऊन गेल्या. त्यावेळी सरकारी आदेश असा होता की घर दोन दिवस पाण्याखाली असेल तर १० किलो गहू आणि १० किलो तांदूळ. घर म्हणजे कागदावर असलेलं घर, त्यामुळे खोपटातल्या माणसांना कोण विचारणार? आज्जींना विचारावंसं वाटलं, मग तुमचं काय? वर्षाचा जोंधळा सडलेला, म्हैस गेलेली, आणि ती बाई शेजारच्यांची नावं एकेक करून आम्हाला लिहून घ्यायला लावत होती.

त्याच गावात जतचा एक टेम्पो आलेला, कडब्यानं भरून. जत म्हणजे पक्का दुष्काळी तालुका. मी विचारलं तर टेम्पोवाले दादा म्हणाले, "उन्हाळ्यात आमच्या चारा छावणीला ह्यांच्याच भागातला ऊस आल्ता, जनावरं त्याच्यावरच जगली." त्यांच्या टेम्पोला बॅनर नव्हता. आणि खरं तर गावात सगळ्यात जास्त गरज कडब्याचीच होती, बिस्किटं पुणे-मुंबईहून ढिगानं येत होती पण म्हशीला बिस्किट घालून कसं चालेल.

२०२१ च्या जुलैत परत पूर आला. तेव्हा टेम्पो ठरवायच्या आधी मावशीकरवी आज्जींच्या मुलाला फोन लावला. त्यानं सांगितलं ते जसंच्या तसं ग्रुपवर टाकलं: कपडे नकोत, पाणी नको, पेंड पाठवा, ब्लीचिंग पावडर पाठवा, गाळ काढायला फावडी पाठवा, आणि येताना फोन करा, मी हायवेवर येऊन थांबतो, नायतर मधीच उतरवून घेतील.