राणीचं टाकं

जुन्नरच्या लेण्यांतले जुने लेख वाचायला शिकवणाऱ्या शिबिरावरून येऊन आज आठवा दिवस. बॅग अजून तशीच कोपऱ्यात पडलीय. आईने दोनदा विचारलं, मी दोनदा "काढते गं" म्हटलं. बुटांना तिथल्या मानमोडी डोंगराची माती आहे. ती आठवण म्हणून ठेवलीय वगैरे काही नाही, कंटाळा आलाय.

लिहायचं होतं नाणेघाटाबद्दल. घाटाच्या तोंडाशी गार वाऱ्यात बसून खाल्लेल्या करवंदांबद्दलही. पण वही उघडली की त्या आजीच समोर येऊन बसतात, गुडघ्यावर हात ठेवून.

मी खोटं बोलले. झालं ते एवढंच. कुणाचा पैसा बुडाला नाही, कुणाला लागलं नाही. तरी आठ दिवस तेच चाललंय डोक्यात.

चौथा दिवस होता. सरांनी आदल्या रात्रीच बजावलं होतं, मानमोडीवर आग्या मोहोळं आहेत, डिओ मारून येऊ नका, वर आरडाओरडा नको. सगळे अगदी शहाण्यासारखे निघाले. तिथल्या लेण्यांच्या भीमाशंकर गटापर्यंत पोचतो तोच माझ्या उजव्या बुटाचा सोल निघाला. निम्मा. चालताना मगरीसारखा जबडा उघडायचा. बाकीचे पुढच्या लेण्यांचा आराखडा काढायला गेले आणि मी तिथेच सुतळी बांधत बसले. कोल्हापूरवाली म्हणाली, "थांबू का?" मी म्हटलं, "नको." त्या 'नको'बद्दलही लिहिता येईल, पण जाऊ दे.

थांबली असती तर तिथल्या भिंतीवरचा लेख तिनेच वाचला असता. तिला ब्राह्मी लिपी पेपर वाचल्यासारखी येते. मला चौथ्या दिवशीही ग आणि त यांत घोळ. ग म्हणजे उलटा व्ही, त म्हणजे त्यालाच वरून एक दांडी. झिजलेल्या दगडावर दांडी आहे की नुसतीच चीर, हे कसं कळायचं? सर म्हणायचे, "डोळ्यांनी नको, बोटांनी बघ." मग "पण हात लावू नकोस," असंही म्हणायचे. पंचवीस जणांच्या वर्गात सगळ्यात मागे मीच होते. कुणी तसं बोललं नाही. कुणी बोलत नाही तेव्हाच जास्त कळतं.

तर आजी. चार शेळ्या घेऊन आल्या, सावली बघून बसल्या. माझ्याकडे पाहिलं, भिंतीवरच्या अक्षरांकडे पाहिलं.

"काय लिवलंय गं पोरी त्याच्यात?"

मी हसले.

"आमचं मालक म्हनायचं, खाली धन हाय म्हनून लिवलंय."

"नाही आजी, धन नाही."

"मग काय हाय?"

इथे 'मला वाचता येत नाही' असं म्हणायचं होतं. चार शब्द. मी त्यांच्याकडे बघितलं, अंगातल्या शिबिराच्या टी-शर्टकडे बघितलं, हातातल्या वहीकडे बघितलं, आणि म्हणाले, "एका राणीने लिहिलंय. हे पाण्याचं टाकं तिने दिलं. लोकांसाठी."

टाकं बरोबर होतं, एवढं माझ्या बाजूने सांगते. 'पोढि' हा शब्द मला लागला होता, आणि पोढी म्हणजे टाकं हे पहिल्याच दिवशी शिकवलेलं. राणी तेवढी माझी. ती आली कुठून तेही माहीत आहे. आदल्या दिवशी आम्ही नाणेघाटात होतो. तिथल्या लेण्यात सातवाहनांची शिल्पं होती, आता भिंतीवर पायांच्या खुणा आणि वर नावं उरलीत. सिमुक, सातकर्णी, देवी नायनिका, म्हणजेच नागनिका राणी. राजाची मान गेली, खांदे गेले, नाव राहिलं. बाजूच्या भिंतींवर नागनिकेचा तो मोठा लेख. यज्ञ किती केले, गायी किती दिल्या, कार्षापणं म्हणजे तेव्हाची नाणी किती, सगळं आकड्यांत. 24,400 हा आकडा बघून दाढीवाला म्हणाला होता, "ही बाई हिशेबाला पक्की." रात्रभर माझ्या डोक्यात तीच बाई. दुसऱ्या दिवशी आजींनी विचारलं आणि ती तोंडातून बाहेर पडली.

आजी थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "बाई व्हय? तरीच."

हा 'तरीच' मला सोडत नाहीये.

मी विचारलं, "तरीच म्हणजे?"

"बाप्याला कुटं पान्याचं सुचतंय?" एक शेळी भलतीकडे चालली होती, तिला हाक मारली. मग म्हणाल्या, "बहात्तरला हितनंच पानी नेलं आमी. डोईवर दोन, काखंत एक. मोठी पोटात व्हती माझ्या. आटलं न्हाई पर टाकं. बरं केलं गं राणीनं."

उठल्या, शेळ्या हाकल्या, गेल्या. जाताना म्हणाल्या, "नातवाला सांगंन."

मी सुतळीची दुसरी गाठ मारत होते.

संध्याकाळी सरांनी पडद्यावर तोच लेख लावला. राजा महाक्षत्रप स्वामी नहपानाचा अमात्य, वत्स गोत्राचा अयम, त्याने ही पोढी आणि मंडप पुण्यासाठी दिला, वर्ष 46. नहपान म्हणजे शक राजा, अमात्य म्हणजे त्याचा मंत्री. चाळीसचं एक चिन्ह, सहाचं दुसरं, शेजारी शेजारी. मूळ अक्षरांत 'वछसगोतस' आहे, म्हणजे नेमका ग आणि त चिकटून. दाखवायचंच होतं कुणाला तरी, तर माझ्यावरच आलं. मी 'वछसतोगस' वाचलं. सगळे हसले, मीही हसले.

म्हणजे बाप्याच होता तो. सरकारी नोकरीतला बाप्या. त्याला पाण्याचं सुचलं होतं. नाव कोरून ठेवलं, खात्यासकट, सालासकट, एकोणीसशे वर्षं ते टिकलं. आणि एका दुपारी मी बुटाला सुतळी बांधता बांधता त्याला उडवून लावलं.

त्याच तासाला सरांनी जोगळटेंभीच्या नाण्यांचे फोटो दाखवले. नाशिक जिल्ह्यात 1906 साली सापडलेला साठा, नहपानाची 13 हजारांहून जास्त चांदीची नाणी. त्यातल्या बहुतेकांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजाने, गौतमीपुत्र सातकर्णीने, आपला छाप मारून घेतलेला. खाली नहपानाचा चेहरा, त्याच्या गालावरून दुसऱ्याची चिन्हं गेलेली. सगळे "आयला" म्हणाले. मला घाम फुटला. गौतमीपुत्राने निदान लढाई तरी जिंकली होती.

मग यवनांचे, म्हणजे ग्रीकांचे, लेख निघाले. जुन्नरला परदेशी दात्यांचेही लेख आहेत. इरिल नावाच्या यवनाने दोन टाकी दिली, 'बे पोढियो'. बे! बे एके बे मधला बे. पाढा घोकताना हा प्रश्न पडायचा की दोनला बे का म्हणायचं. तो बे इथे दगडात, एका यवनाच्या दानाशेजारी बसलेला. एरवी मी आनंदाने वेडी झाले असते, आईला फोन केला असता. त्या रात्री वहीत 'बे' लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या आणि झोपले. झोप कसली.

स्वतःची कीव करून झाली भरपूर. मला हे येत नाही, मी उगाच आले, बाबा म्हणतात ते खरं असेल, त्या पैशांत टायपिंगचा क्लास झाला असता. हे सगळं उशीत तोंड खुपसून. खोलीतल्या दोघी घोरत होत्या. लेण्याद्रीच्या पायऱ्या चढून आल्यावर कोण घोरणार नाही.

पुढचं त्याहून वाईट.

सहाव्या दिवशी आम्ही पुन्हा मानमोडीला गेलो, मापं राहिली होती म्हणून. पायथ्याशी एक मुलगा पानांच्या द्रोणात करवंदं विकत होता. नऊ-दहा वर्षांचा असेल. कोल्हापूरवालीने घेतली, आणि तिचं ते नेहमीचं, कुणालाही बोलतं करायचं. संध्याकाळी नोंदी वाचायच्या वेळी तिने रजिस्टर उघडलं आणि 'स्थानिक कथा' म्हणून वाचायला लागली. एक राणी होती. ती गरोदर होती. खालच्या ओढ्यावरून पाणी आणताना तिचा माठ फुटला. तेव्हा ती म्हणाली, माझ्यामागून येणाऱ्या एकाही बाईचा माठ फुटायचा नाही. मग तिने डोंगरात टाकं खोदून घेतलं. ते कधी आटत नाही.

सर चष्मा काढून ऐकत होते. म्हणाले, "ही मी इतक्या वर्षांत ऐकली नव्हती. छान. नीट लिहून ठेव."

मी समोर बसले होते. पाणी प्यायले. काही बोलले नाही.

हेच सर नाणेघाटात त्या दगडी रांजणापाशी उभे होते. कुणीतरी म्हणालं, यात जकातीची नाणी टाकायचे. सरांनी विचारलं, "त्यावर तसं लिहिलंय?" मग म्हणाले, असेलही, पण कोण म्हणतं, केव्हापासून म्हणतं, हे आधी विचारायचं. पाच वाजून गेले होते, रांजणात सावली भरली होती. आता वाटतं, दोनशे वर्षांपूर्वी तिथेही असंच कुणीतरी चप्पल दुरुस्त करत बसलं असेल आणि कुणीतरी विचारलं असेल, "याच्यात काय वो टाकत्यात?"

याचं थोडं हसू येतंय आता. दोन दिवस. दोन दिवसांत माझ्या राणीला दिवस गेले, माठ फुटला, शाप की उःशाप काय ते निघालं. माझी राणी अगदीच कोरडी होती. टाकं दिलं आणि गेली, शाळेच्या पाटीवरच्या देणगीदारासारखी. खरी केली ती आजींनी.

आणि हे लिहिता लिहिताच लक्षात आलं. डोईवर दोन, काखेत एक. मोठी पोटात.

ती राणी नव्हतीच.

बहात्तरचा दुष्काळ आम्ही अभ्यासक्रमात शिकलो. रोजगार हमी, सुकडी, खडी फोडायची कामं. परीक्षेत त्यावर सहा मार्कांचा प्रश्न होता, मला साडेचार पडले. आणि इथे त्याच दुष्काळात त्याच टाक्यातून पाणी नेलेली बाई माझ्या समोर बसून, मी न विचारता, साल सांगत होती, घागरी मोजून सांगत होती, टाकं आटलं नाही हेही सांगत होती. एकोणीसशे वर्षांपूर्वीच्या पोढीचं त्या वर्षी काय झालं, हे सांगणारं माणूस. मी काय लिहून घेतलं? काही नाही. हातात वही होती. त्या पानावर बुटाच्या सोलचं चित्र आहे, मगरीचं, दात काढलेलं.

खोटं बोलल्याचं इतके दिवस मनाला लावून घेतलं, त्यात हे कुठे गेलं होतं कळत नाही. की मुद्दामच ते खोटं धरून बसले होते, म्हणजे हे बघायला नको? असो. रात्रीचे साडेआठ वाजलेत, इतकं खोल जायची वेळ नाही.

सरांचा ग्रुपवर मेसेज पडलाय, अहवालासाठी ज्याने त्याने आपापल्या नोंदी रविवारपर्यंत पाठवा. मानमोडी कोल्हापूरवालीकडे आहे. राणी छापली जाणार. अयमाच्या खालीच, पुढच्या परिच्छेदात. तशी ती त्याची शेजारीणच झाली म्हणायची.

शेवटी सरांना वेगळा मेसेज केला. तीनदा लिहून खोडला. 'सर, ती राणीची गोष्ट माझ्यामुळे सुरू झाली' असं लिहिलं तर फारच मोठं काही केल्यासारखं वाटत होतं. मग झालं तसं सगळं लिहून पाठवलं. सुतळीपासून. आजी काय म्हणाल्या तेही, आठवेल तसं, त्यांच्याच शब्दांत. 'तरीच'सुद्धा.

वाटलं होतं ओरडतील. किंवा हसतील. किंवा तो अंगठा पाठवतील, ते सगळ्यात वाईट.

सात मिनिटांनी उत्तर आलं. एकच ओळ.

'आजींचं नाव काय?'

आई जेवायला हाका मारतेय. मला अयमाचं गोत्र पाठ आहे. नाणेघाटातली नावं मी झोपेतही म्हणेन. मेसेज वाचल्याच्या दोन निळ्या खुणा सरांना आता दिसत असतील.