रोल 10 ते 14 : डेव्हलपरला बरोबर शंभर ताप

मागची नोंद रोल 9 पाशी थांबली होती. त्यानंतर कॅमेऱ्याच्या रंगीत फिल्मचे आणखी पाच रोल घरीच धुतले, त्यातला एक बिघडला, आणि पाचही वेळा माझा जीव थर्मामीटरमध्ये अडकलेला होता. म्हणून ही नोंद फक्त तापमानावर.

बिघडला तो रोल 10. मे महिना, परभणी, दुपारचे तीन. गच्चीवरच्या टाकीचं पाणी बादलीत घेतलं तर 43 अंश. सी-41, म्हणजे रंगीत निगेटिव्ह फिल्म धुण्याची प्रक्रिया; तिच्या डेव्हलपरला, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणाऱ्या पहिल्या रसायनाला, 37.8 अंश आणि 3 मिनिटं 15 सेकंद लागतात. बाटली बादलीत ठेवली, 38 दिसल्यावर डेव्हलपर टँकमध्ये, म्हणजे फिल्म ठेवलेल्या बंद डब्यात, ओतला आणि टँक पुन्हा त्याच बादलीत ठेवला. तिथेच चुकलो. परत काढून मोजलं तर 40.

रोल औंढा नागनाथचा होता. देवळाचा खालचा भाग काळ्या दगडाचा आणि वरचं शिखर पांढरं, त्यामुळे चूक लपायला जागाच नाही. दगडावर हिरवट झाक, शिखरावर गुलाबी. स्कॅन करून दगड सुधारला की शिखर आणखी गुलाबी होतं, शिखर सुधारलं की दगड शेवाळल्यासारखा दिसतो. यालाच क्रॉसओव्हर म्हणतात. फिल्ममध्ये रंगांचे थर एकावर एक असतात : वर निळ्या उजेडाचा, मध्ये हिरव्याचा, तळाशी लाल उजेडाचा. डेव्हलपर वरून झिरपत खाली जातो आणि सव्वातीन मिनिटांत तिन्ही थरांचं काम एकमेकांना जुळून व्हावं लागतं. तापमान हललं की थरांचा मेळ तुटतो, आणि तो नंतर स्कॅनमध्ये पुरता जुळवता येत नाही. कोडॅकने 1972 मध्ये सी-41 आणली. डेव्हलपरसाठी मुभा आहे फक्त 0.15 अंशाची. ब्लिक्सचं, म्हणजे डेव्हलपरनंतर फिल्ममधली चांदी काढून टाकणाऱ्या रसायनाचं, तसं नाही. त्याचं काम पूर्ण झालं की ते थांबतं, दोन अंश इकडेतिकडे झाले तरी चालतं. सगळी काळजी त्या पहिल्या सव्वातीन मिनिटांची.

आधी थर्मामीटर तपासला. स्वयंपाकघरातला डिजिटल थर्मामीटर बर्फाच्या कालवलेल्या पाण्यात बरोबर शून्य दाखवतो, पण 38 च्या आसपास 0.9 कमी दाखवतो. हे कळलं ताप मोजायच्या थर्मामीटरमुळे. 37.8 म्हणजे फॅरनहाइटमध्ये बरोबर 100, आणि तापाचं थर्मामीटर नेमकं याच टप्प्यासाठी बनवलेलं असतं. एक नवं आणून फक्त बाटली-टँक ठेवायच्या पाण्यासाठी ठेवलंय; घरातल्या औषधांच्या डब्यात ते परत जात नाही.

मग बादलीऐवजी टब. शेजारचे काका गावरान कोंबडीची अंडी उबवायला इनक्युबेटर बनवतात. त्यांच्याकडे तापमान धरून ठेवणारा छोटा कंट्रोलर मागायला गेलो. कशासाठी, ते सांगितल्यावर म्हणाले, “म्हणजे तुझ्या औषधाला अन् आमच्या अंड्याला एकच ऊब लागती की!” खरंच तसं आहे : अंड्याला साडेसदतीस ते 37.8. कंट्रोलरला 250 वॅटचा लहान रॉड जोडला, पाणी फिरत राहावं म्हणून जुन्या कूलरचा पंप टाकला आणि टब थर्मोकोलच्या खोक्यात बसवला. पाणी 15 लिटर. हात घालण्याआधी प्लग काढतो, दर वेळी.

रोल 11 ला कळलं की एवढ्याने भागत नाही. कंट्रोलर पाणी तापवू शकतो, निववू शकत नाही. दुपारी टाकीचं पाणीच 41 असेल तर तो नुसता बंद पडून राहतो. त्यावर माठ कामी आला. 41 चं 12 लिटर आणि माठातलं 26 चं 3 लिटर मिळून बरोबर 38 होतं. हिशोब जुळला, पण आई म्हणाली, “माठ रिकामा केलास का रे? या उन्हात दारात कुणी आलं तर काय देऊ?” तिचं बरोबर होतं. आता एक जुना रांजण ओलं गोणपाट गुंडाळून मागच्या ओसरीवर ठेवलाय, खास याच कामाला.

त्याहून सोपं रोल 12 ला सापडलं. पहाटे पाचला धुवायला बसायचं. मे महिन्यातही तेव्हा खोली 30 च्या आसपास असते, म्हणजे टबापेक्षा गार. मग कंट्रोलरला हवं तसं काम मिळतं : टब थोडा निवतो, तो थोडा तापवतो. वीस मिनिटांत काटा 0.1 च्या वर हलला नाही. भोवतालची हवा टबापेक्षा गार असली पाहिजे, एवढंच लक्षात ठेवायचं. पहाटे एकदा लाइट गेली तेव्हाही थर्मोकोलमुळे दहा मिनिटांत फक्त 0.3 उतरलं.

रोल 13 डिसेंबरचा, आणि अडचण बरोबर उलटी. परभणीची थंडी तुम्हाला ठाऊक आहे. टब 37.8 वर स्थिर, मी खूश. पण प्लास्टिकच्या बाटलीत थर्मामीटर घातला तर आतला डेव्हलपर 36.2. प्लास्टिकमधून ऊब हळूहळू जाते; पाऊण तास थांबावं लागलं. गार टँकमध्ये ओतला की 290 मिली डेव्हलपरमधून टँक आणि आतलं फिल्म गुंडाळायचं रीळ मिळून दोन अंश ओढून घेतात. म्हणून आता टँक झाकणासकट दहा मिनिटं टबात ठेवतो, मग 38.5 चं साधं पाणी मिनिटभर भरून काढून टाकतो. त्यानंतर ओतलेला डेव्हलपर 37.7 वर राहिला.

रोल 14 काल धुतला. पुन्हा औंढा, तीच जागा, सकाळचं ऊन. ओतताना 37.8, काढताना 37.7. निगेटिव्ह वाळत घातली तेव्हाच फिल्मची मूळची नारिंगी छटा सगळीकडे सारखी दिसली. स्कॅनमध्ये दगड दगडाच्या रंगाचा आहे आणि शिखर पांढरं. दगडातल्या एका हत्तीच्या सोंडेची कड इतकी स्वच्छ राखाडी आलीय की मी ती फ्रेम रात्री तीनदा उघडून पाहिली.

पुढे दोन रोलचा टँक वापरायचा आहे. त्यात डेव्हलपर दुप्पट लागेल, तेव्हा बाटलीला उबायला किती वेळ लागतो ते आधी नुसत्या पाण्यावर मोजणार आहे.