न्हाणीतला क्रूस

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आरोंद्याच्या अलीकडे, तेरेखोलच्या खाडीकडेला आमचं घर. येणारा प्रत्येक जण हातपाय धुवायला मागच्या न्हाणीत जातो आणि बाहेर आला की हेच विचारतो. मुंबईची नणंद जरा दबकत, प्रार्थनागटातल्या बायका नाक मुरडून, वाडीतली माणसं सरळ तोंडावर: "न्हाणीत खुरीस कित्याक गो लायलंस?" पुढच्या खोलीत देव्हारा आहे, मारियामातेची मूर्ती आहे, संध्याकाळची रोझरी तिथेच होते. मग जिथे अंगाचा मळ काढतात तिथे येशू कशाला टांगलाय?

आजवर "असाच आहे" म्हणून वेळ मारून नेली. आता नाही. आणि पहिली गोष्ट, तो मी लावलेला नाही. मी फक्त काढू दिला नाही.

जुलैचा पाऊस लागलेला. मला सातवा महिना. सकाळपासून कंबर धरली होती, म्हणून मायने, माझ्या सासूने, न्हाणीची चूल पेटवून हंडाभर पाणी तापवलं. मला धोंडीवर बसवलं आणि तांब्याने कमरेवर ओतत राहिली. पाणी घेता घेताच कळा सुरू झाल्या. मी कंबरदुखीच समजत होते. मायने तोंडाकडे पाहिलं आणि तांब्या खाली ठेवला. खोलीपर्यंत चालत जाण्याइतकाही वेळ मिळाला नाही. वीज दुपारीच गेलेली. नवरा गाडी आणायला गेला तो साकवापलीकडे अडकला, साकवावरून पाणी चाललं होतं. मायची हाक ऐकून शेजारची काकी परड्यातून कंदील घेऊन धावत आली. त्या दोघींच्या हातात मूल झालं. मुलगा. रडला नाही. छाती तेवढी हलत होती, तीही मध्येच थांबायची आणि पुन्हा सुरू व्हायची.

माय काय ते समजली. बाळाला तिने दोन्ही तळव्यांवर धरलं होतं, आणि ते तळवे इतके कापत होते की एक हात सोडायची तिची छाती होईना. "वैनी, तेच्या माथ्यार पाणी घाल गो," ती काकीला म्हणाली. काकीने हंड्यातलं पाणी तांब्यात घेतलं, कोपराने ऊन-गार बघितलं आणि त्याच्या टाळूवर धार धरली. माय म्हणत होती, "मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देते." नाव तिने आपल्या नवऱ्याचंच ठेवलं. पाणी त्याच्या डोक्यावरून माझ्या मांडीवर आलं आणि तिथून धोंडीवर. उजाडायच्या आत तो गेला.

पाणी ओसरल्यावर फादर आले. सगळं ऐकून घेतलं, एक शब्दही कठोर बोलले नाहीत. बाप्तिस्मा द्यायची आईबापांची इच्छा असताना मूल गेलं तर धर्माध्यक्षांच्या परवानगीने त्याचा दफनविधी करता येतो, तसा त्यांनी केला. पण बाप्तिस्म्याच्या वहीत नाव घातलं नाही. जीव जात असेल तर कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतं, ख्रिस्ती नसलेलं माणूससुद्धा. चर्चच्या मनात जे असतं तेच करायचं त्याच्या मनात असलं म्हणजे झालं. मात्र पाणी ओतणारा आणि शब्द म्हणणारा एकच लागतो. काकीनेच शब्द म्हटले असते तर चाललं असतं. मायने एक हात मोकळा केला असता तरी चाललं असतं. माय मरेपर्यंत तो उजवा हात बघत असे.

फादरांवर माझा राग नाही, असं मी सगळ्यांना सांगते. बऱ्याच दिवशी ते खरंही असतं.

मी खाटेवर होते तेव्हाच मायने आपल्या उशाचा क्रूस काढून हंड्यावरच्या भिंतीला ठोकला. साध्या लाकडाचा आहे, धुराने काळा पडलाय. पितळेच्या येशूच्या पायांशी वाफेने हिरवट थर धरतो, मी तो चिंचेने घासते.

खरं सांगायचं तर सुरुवातीला मला तो नकोसा होता. लग्नाआधी मी रविवारी मुलांना धर्मशिक्षण देत असे. कुटुंब म्हणजे घरातलं चर्च, असं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली म्हटलंय, हे मीच त्यांच्याकडून पाठ करून घ्यायचे. तेव्हा घर म्हणजे माझ्या डोळ्यांपुढे देव्हाऱ्याची खोली यायची, न्हाणी नव्हे. त्या मुलीला आज मी म्हणते, शेवटच्या भोजनाची माडी तरी कुठे मंदिर होती? कुणाच्या तरी घरातली खोली. तिथेच प्रभूने कमरेला रुमाल बांधला, घंगाळात पाणी ओतलं आणि शिष्यांचे धुळीचे पाय धुतले. ती मुलगी म्हणते, तिथे तो स्वतः होता. आणि मी विचारते, मग आमच्याकडे त्या रात्री कोण होतं? दोघींपैकी कुणापाशी उत्तर नाही.

२००७ साली रोमच्या ईशज्ञान आयोगाने सांगितलं, की बाप्तिस्म्याविना गेलेल्या बाळांच्या तारणाची आशा धरायला भक्कम कारणं आहेत. तोवर माय गेली होती. मला वाचून बरं वाटलं, नाही असं नाही. पण आशा म्हणजे खात्री नव्हे, हेही त्यांनीच लिहिलंय. आणि मला तर वहीत नाव हवं होतं.

प्रार्थनागटातल्या बायकांना विटाळ वाटतो. माझं मूल त्या धोंडीवर जन्मलं आणि तिथेच त्याच्या डोक्यावर देवाचं नाव घेऊन पाणी पडलं, वहीत असो वा नसो. चर्चमध्ये मी दर रविवारी जाते, मिस्सा चुकवत नाही. पण देवाला जे विचारायचं असतं ते मला तिथे, इतक्या माणसांत विचारता येत नाही. न्हाणीचं दार लावलं की येतं. काकी आजही नाताळात फराळाला आली की आधी मागे जाऊन पाय धुते आणि म्हणते, "आपलो झील आज केवढो झालो असतो." तिने मात्र तो प्रश्न कधी विचारला नाही.

आता धाकटा म्हणतो, न्हाणी पाडून टाइल्सचं बाथरूम करू, गिझर बसवू, क्रूस देव्हाऱ्यात नेऊ. गिझरला माझी हरकत नाही, लाकडं वाहायचं वय राहिलं नाही. धोंड हलवायची नाही, एवढं मी बजावलंय. देव्हाऱ्यात क्रूस न्यायलाही मी तयार नाही. नव्या भिंतीवर तो शोभेचा होऊन बसेल का, ही भीती मात्र मलाही आहे. गवंडी दिवाळीनंतर येणार. हंड्यामागची तेवढी जुनी भिंत ठेवायची की पाडायची यावर घरात वाद चालू आहे, आणि मी ठेवायच्या बाजूने आहे.