काट्याजवळची खुर्ची

मी राहतो जर्मनीत, पण आज जीव अडकलाय सिंदेवाहीकडच्या आमच्या गावात. माझ्या धाकट्या चुलतभावाला सिकलसेल आहे. तो राइस मिलमध्ये हमाली करायचा. थंडी वाजली, पाणी कमी पडलं किंवा अंगमेहनत जास्त झाली की रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकून बारीक नसांमध्ये अडकतात आणि हाडं ठणकायला लागतात. गुडघे पोटाशी घेऊन खाटेवर पडलेला तो, आणि गरम फडक्यानं त्याचे पाय शेकणारी काकू, हे मी लहानपणापासून पाहत आलोय. गेल्या हिवाळ्यात महिनाभरात दोनदा पडला. मिलमधून निरोप आला, "पुरा बरा झाला का ये."

पुरा बरा! जन्माचा आजार आहे हा.

त्याच सुमारास इथे माझ्या शेजारच्या मशीनवरच्या बाईंना संधिवातानं गाठलं. बोटं इतकी सुजली की नट धरवेना. इथे वर्षभरात सहा आठवड्यांपेक्षा जास्त आजारपण झालं, की नोकरी कशी टिकेल ते बोलायला मालकानं बोलवावंच लागतं. २००४ पासून तसा कायदाच आहे. जायचं की नाही ते कामगार ठरवतो, आजाराचं नाव सांगायची सक्ती नसते. बाईंना तिथे पहिला प्रश्न आला, "यातलं काय काय जमतं?" मग आधी रोज दोन तास काम, काही आठवड्यांनी चार, मग सहा. तोवर पैसे आरोग्य विम्यातून. आता त्या पूर्ण वेळ तपासणीच्या टेबलावर असतात, नट दुसरं कोणी आवळतं.

आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आहे. पण नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं तर काढायचं नाही, त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यायचं, हे संरक्षण सरकारी नोकरीपुरतं. ज्या भागात हा आजार गावोगावी आहे, तिथला हमाल त्यात बसत नाही. मला याचा फार राग येतो.

मिलमध्ये वजनकाट्यावर माणूस लागतोच, आणि भावाचा हिशोब पक्का. मी शेठना फोन लावला. त्याला काट्यावर बसवा, पाण्याची कॅन जवळ असू द्या, पहाटेच्या थंडीत गाडी उतरवायला बोलवू नका, दवाखान्याच्या तारखेला सुटी द्या. शेठ बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "धान याले लागलं का पाठवजो त्याले. पाहू."

भावाला लगेच कळवलं. तो म्हणाला, "दादा, रोजी तेवढीच देतीन का?"

ते विचारायचं राहूनच गेलं होतं. उद्या पुन्हा फोन लावतो.